दिसतंय की!

कुठल्याही यंत्राच्या माहितीपुस्तिकेची पहिली पानं कंपनीचा वकील लिहितो आणि ती वाचायची असतात ती समोरच्या पार्टीच्या वकिलाने, असा माझा अनेक वर्षांचा समज. मिक्सरच्या पुस्तिकेत ‘भांडं फिरत असताना आत हात घालू नये’, इस्त्रीच्या पुस्तिकेत ‘अंगावरच्या कपड्यांना इस्त्री करू नये’. शहाण्या माणसाने त्यात वेळ कशाला घालवायचा? म्हणून आमच्या ग्रामपंचायतीने आणलेल्या औद्योगिक डेटा रेडिओची जाडजूड पुस्तिका हातात पडली, तेव्हा मी ती थेट ‘झटपट जोडणी’ या प्रकरणाशी उघडली. त्याआधीचा सगळा भाग लाल त्रिकोण आणि उद्गारचिन्हांनी भरला होता. पुढे गावात जे जे झालं ते त्या पानांवर आधीच छापलेलं होतं आणि तेही जवळजवळ त्याच क्रमाने. सप्ताहाचा मांडव तेवढा कंपनीच्या नजरेतून सुटला होता.

मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झालो. विद्युतचुंबकीय लहरींवर माझा विशेष लोभ. मॅक्सवेल, हर्ट्झ, ध्रुवण, विवर्तन हे सगळं बारावीच्या पोरांना इतकी वर्षं शिकवलं की त्या लहरी आपल्या घरच्याच आहेत असं मला वाटायला लागलं. प्रत्यक्षात एकाही लहरीची आणि माझी समोरासमोर गाठ पडलेली नव्हती. फळ्यावरच्या लहरी खडूच्या. मी नेईन तिकडे त्या मुकाट जायच्या.

गाव कृष्णाकाठचं. नदीवर जॅकवेल आणि पंप, तिथून साधारण 3 किलोमीटरवर गावामागच्या टेकडीवर पाण्याची टाकी. पंप चालवणारे तात्या नदीवर असतात आणि टाकीशेजारी आक्कांचं घर. टाकी भरत आली की आक्का तात्यांना मिस्ड कॉल देत. एक आला तर पंप बंद, दोन आले तर चालू. फोन उचलायचा नाही, हा नियम. मोबाइल कंपनीला छदामही न देता वर्षानुवर्षं चाललेली ही यंत्रणा बंद पडली ती आक्का लेकीच्या बाळंतपणाला मिरजेला गेल्या म्हणून. त्यांनी मिरजेहूनही वेळच्या वेळी अंदाजाने मिस्ड कॉल दिले, यात त्यांची निष्ठा दिसते. पण टाकी काही अंदाजाने भरत नाही.

मग मासिक सभेत विषय निघाला. कुणी म्हणालं, सिमकार्डवाला कंट्रोलर बसवू. त्यावर ग्रामसेवकांनी दर महिन्याचं रीचार्ज कुठल्या लेखाशीर्षाखाली टाकायचं असं विचारलं आणि तो विषय तिथेच संपला. दुसरा पर्याय रेडिओचा. टाकीवर एक, नदीवर एक, दोघं आपसात बोलणार, महिन्याचं बिल नाही. सरपंचांनी विचारलं, “बसवणार कोण?” सभेत शांतता झाली. अशा शांततेचा मला फार मोह पडतो.

“मी आहे ना,” मी म्हणालो. “मजुरीबिजुरी काही नको.”

‘रेडिओ’ म्हटल्यावर पारावर वेगळीच चर्चा झाली. “सर, ह्यावर सांगली आकाशवाणी लागंल का?” असं एका वयस्कर गृहस्थांनी अगदी आशेने विचारलं. मी त्यांना समजावलं की यावर माणसाचा आवाज नसतो, फक्त आकडे असतात. टाकीतला मापक पाण्याच्या उंचीप्रमाणे 4 ते 20 मिलिअँपिअर विद्युतप्रवाह देतो. रिकाम्या टाकीला 4 आणि भरलेल्या टाकीला 20. रिकामीला शून्य का नाही? कारण शून्य आलं तर समजायचं की तारच तुटली. रेडिओ त्या प्रवाहाचा आकडा करून नदीवर पाठवतो. फक्त दोन बाइट. म्हणजे आक्का जेवढं सांगत होत्या त्याहून थोडंसं जास्त. गृहस्थ ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, “मग बातम्या न्हाईत.”

खरेदीच्या वेळी एक मोठं संकट टळलं, आणि ते टाळण्यात माझा वाटा नाही. अमेरिकेतला भाचा म्हणाला, “मामा, इथे 900 मेगाहर्ट्झचे मस्त रेडिओ मिळतात, लायसन्स लागत नाही, येताना घेऊन येतो.” मी लगेच हो म्हटलं. तिकडे 902 ते 928 मेगाहर्ट्झचा पट्टा खुला आहे हे खरं, पण आपल्याकडे त्याच जागेत मोबाइल फोन टॉवरशी बोलतात. पुण्याच्या विक्रेत्याने फोनवर ऐकूनच कपाळाला हात लावला असावा, कारण बराच वेळ पलीकडून काही आवाज आला नाही. आपल्याकडे अशा कामाला 865 ते 867 मेगाहर्ट्झचा पट्टा 2005 साली परवानामुक्त झाला आणि पुढे तो 868 पर्यंत वाढवला. तोही मोकाट नाही. रेडिओतून जास्तीत जास्त 1 वॅट, अँटेन्यातून एका दिशेने पडणारी ताकद धरून 4 वॅट, आणि यंत्राला सरकारी मान्यता असलेली हवी. भाच्याचे रेडिओ आले असते तर मी आजूबाजूच्या गावांचे फोन मुके केले असते आणि वर ‘रेंज का जाते हो हल्ली?’ म्हणून मीच कुरकुर केली असती.

दोन रेडिओ घरी आले. मी ते दिवाणखान्यातल्या टेबलावर मांडले आणि वीज दिली.

“अहो, त्याला ती काडी लावायची नाही का?” बायकोने विचारलं. तिच्या हातात खोक्यातून निघालेला अँटेना होता.

“अगं, एवढ्याशा टेबलावर बोलायला अँटेना कशाला?”

ती काही न बोलता अँटेना टेबलावर ठेवून आत गेली. लाल त्रिकोणांच्या पानांवर पहिलंच वाक्य हे आहे की अँटेना किंवा त्याच्या जागी 50 ओहमचा भार जोडल्याशिवाय रेडिओला वीज देऊ नये. बाहेर पडायला वाट नसली की ऊर्जा उलटी फिरते आणि ज्या भागाने तिला पाठवलं त्यालाच भाजते. रेडिओ गरम झाला. ‘गरम होतंय म्हणजे काम करतंय’ असं मी म्हणालो, आणि हे वाक्य मी फिजिक्सच्या पदव्युत्तर पदवीनिशी म्हणालो. रेडिओ वाचला. त्याच्या आत अशा प्राध्यापकांपासून बचावाची काहीतरी सोय असावी.

बसवण्याच्या दिवशी नदीवर मी, तात्या आणि वायरमन. अँटेन्यासाठी लांबलचक जीआय पाइप आणलेला. मी तो उभा करून पंपघराच्या ज्या कोपऱ्याकडे निघालो तिथे माझं लक्ष टेकडीकडे होतं. वायरमनने एकदम ओरडून पाइप धरला.

“सर! वर बगा.”

वर 11 हजार व्होल्टची लाइन. पाइप जरा कलला असता तर हा लेख तात्यांना लिहावा लागला असता. वायरमनचा हिशोब सरळ होता. पाइप उभा असताना लागत नाही हे बघायचं नाही, तो आडवा पडला तर कुठवर जाईल ते बघायचं, आणि तेवढं सोडून आणखी अंतर ठेवायचं. त्याने स्वतः पावलं मोजून दुसरा कोपरा दाखवला. पुस्तिकेत हे चित्रासकट होतं. चित्रातला पडणारा माणूस टक्कल पडलेला आहे, ही माझी नंतरची निरीक्षणनोंद.

यागी अँटेना म्हणजे एका दांड्यावर ओळीने बसवलेल्या काड्या. आखूड काड्यांचं टोक ज्याच्याशी बोलायचं त्याच्याकडे, सगळ्यांत लांब काडी पाठीमागे. हे 1926 साली जपानमध्ये हिदेत्सुगु यागी आणि शिंतारो उदा या दोघांनी जगापुढे मांडलं. बरंचसं काम उदांचं आणि नाव उरलं यागींचं, हा भाग शिक्षणक्षेत्रात राहिलेल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. युद्धात जपान्यांनी सिंगापूर घेतलं तेव्हा ब्रिटिशांच्या रडारच्या कागदांत त्यांना ‘यागी’ हा शब्द सापडला आणि तो काय प्रकार आहे हे त्यांनी ब्रिटिश कैद्यालाच विचारलं, अशी गोष्ट सांगतात. ती मी छपरावर उभा राहून तात्यांना आणि वायरमनला सविस्तर सांगितली. गोष्ट सांगण्याच्या नादात अँटेना उलटा लागला. आखूड टोक नदीपलीकडच्या गावाकडे. तो वायरमनने बघितला आणि गोष्ट न तोडता सरळ केला.

पण काड्या उभ्या लावायच्या की आडव्या, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. माझ्या डोळ्यांसमोर जुने दूरदर्शनचे अँटेने होते. गावातल्या प्रत्येक कौलावर काड्या आडव्याच असायच्या, आणि त्यावर आम्ही कितीतरी क्रिकेट सामने मुंग्यांसकट पाहिले होते. मी आडव्या लावल्या. टेकडीवरचा अँटेना आदल्या दिवशीच वायरमनने एकट्याने जाऊन बसवला होता. त्याने, ही त्याची वाईट खोड, पुस्तिकेतलं चित्र बघून काड्या उभ्या लावल्या होत्या.

केबल मी स्वतः सांगलीहून आणली. विक्रेत्याने सांगितलेली केबल अंगठ्याएवढी जाड आणि महाग. मी ग्रामपंचायतीचे पैसे वाचवून पातळ घेतली. सुमारे 20 मीटर. असल्या पातळ केबलमध्ये या लहरींच्या ताकदीचे दहातले आठ-नऊ भाग वाटेतच जिरतात. जोडावर गुंडाळायला पुस्तिकेत एक खास रबरी पट्टी सांगितली होती, ताणून गुंडाळली की स्वतःतच मिसळून एकजीव होणारी. मी वायरमनच्या खिशातली काळी चिकटपट्टी वापरली. वीजरोधकाच्या अर्थिंगसाठी खड्डा खणून त्यात कोळसा आणि मीठ भरायचं होतं. पण ऊन फार झालं होतं, म्हणून ती तार मी पंपघराच्या खिडकीच्या गजाला तात्पुरती बांधली. ‘तात्पुरती’ हा शब्द ग्रामपंचायतीच्या कामात किती टिकाऊ असतो हे मला ठाऊक होतं. वळवाची वीज त्या वर्षी पंपघरावर पडली नाही, यात माझं कर्तृत्व काहीच नाही.

तात्यांनी एकच शंका काढली. “सर, मधी आमराई हाय. अन् फुडं समदा ऊस.”

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून टेकडीकडे बोट केलं. आंब्यांच्या शेंड्यावरून टाकीचा पांढरा कठडा लखलखीत दिसत होता.

“तात्या, टाकी दिसतेय की! दिसतंय तर पोचेलच.”

आणि पोचलं. खरं दुर्दैव इथेच सुरू झालं. पहिल्याच झटक्यात हिरवा दिवा लागला, टाकीची पातळी नदीवर उमटली आणि रेडिओच्या चिमुकल्या पडद्यावर सिग्नलचा आकडा आला, 88. तात्यांनी विचारलं, “किती पडलं?” मी म्हणालो, “अठ्ठ्याऐंशी.” ज्याने आयुष्यभर पेपर तपासले त्याला अठ्ठ्याऐंशी म्हणजे काय ते सांगायला नको. विशेष प्रावीण्य. आकड्याच्या आधी एक आडवी रेघ होती; ती मला शोभेची वाटली.

1 मेच्या ग्रामसभेत माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, आणि माझं भाषण. मी जगदीशचंद्र बोसांपासून सुरुवात केली. 1895 साली त्यांनी कोलकात्यात बिनतारी लहरी भिंतीतून पलीकडे पाठवून घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू उडवली. ‘त्याच परंपरेत आज आपल्या गावात...’ असं म्हणून मी थोडा थांबलो, टाळ्यांसाठी. टाळ्या पडल्या. आक्का मिरजेहून परतल्या होत्या. त्या बायकांमध्ये बसून शांतपणे ऐकत होत्या. त्यांना कुणी बोलवलं नव्हतं आणि काढूनही टाकलं नव्हतं. सरकारी खात्यात होतं तसं त्यांचं पद आपोआप विरून गेलं होतं.

सत्कारानंतरच्या आठवड्यात पंपाने तात्यांचा टॉवेल खाल्ला. पंप बंद असला की त्याच्या कपलिंगवर टॉवेल वाळत घालायची तात्यांची जुनी पद्धत. आता पंप कुणाला न विचारता सुरू होत होता. टाकी खाली गेली, रेडिओने सांगितलं, स्टार्टरने खटका ओढला आणि टॉवेल गरगरत गेला. ‘हे यंत्र केव्हाही आपोआप सुरू होईल’ अशी पाटी लावा, जाळी बसवा, दुरुस्तीआधी मुख्य स्विच बंद करून कुलपाची किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा, हे लाल पानांवर तीन भाषांत होतं. टॉवेलच्या जागी हात असता तर, हा विचार मला त्या रात्री झोपताना आला. सकाळी मी खडूने भिंतीवर ‘सावधान’ लिहिलं. खडूच्या बाबतीत माझा हात सराईत आहे.

पुढे सगळं सुरळीत. मी रोज संध्याकाळी फिरत फिरत नदीवर जायचो आणि वहीत आकडा टिपायचो. मे महिनाभर 88. जून उजाडला, पाऊस लागला, आणि आकडा 91 झाला. मला कोण आनंद! जुलैत 95. मी एक उपपत्तीही तयार केली की पावसाने हवेतली धूळ बसते, त्यामुळे लहरींचा मार्ग स्वच्छ होतो. ही उपपत्ती मी सरपंचांना, डॉक्टरांना आणि एसटीत शेजारी बसलेल्या एका अनोळखी माणसाला सांगितली. श्रावणात एका संध्याकाळी पडद्यावर 100 दिसले. पैकीच्या पैकी! मी येताना पेढे घेऊन आलो.

बायकोने पेढा घेतला. “शंभराच्या वर जात नाही ना ते?” तिने सहज विचारलं.

“शंभराच्या वर कसं जाईल?” मी हसलो.

इथे एक गोष्ट मधेच सांगून टाकतो. जोडणी करताना रेडिओने मला एक प्रश्न विचारला होता. संपर्क तुटला तर पंपाचं काय करायचं? पर्याय दोन, ‘बंद करा’ आणि ‘शेवटची स्थिती कायम ठेवा’. मी दूरदृष्टीने विचार केला. पंप बंद पडला तर पहाटे लोक कळशा घेऊन माझ्या दारात येतील. मी दुसरा पर्याय निवडला.

टेकडीच्या पायथ्याशी मारुतीच्या देवळासमोर हरिनाम सप्ताह चालू होता. मांडव पडला होता, मागे चुलवणं, महाप्रसादाच्या कढया मांडून तयार. रात्री कीर्तन रंगात आलं असताना संपर्क तुटला. त्या क्षणी पंप चालू होता आणि टाकी अर्धी होती. नदीवरच्या रेडिओने शेवटची स्थिती इमानाने कायम ठेवली. टाकी अर्धीच आहे असं तो रात्रभर समजत राहिला आणि पंप रात्रभर पाणी चढवत राहिला. तात्या झोपले होते. स्वयंचलित यंत्रणा आली म्हणजे झोपायचं, हे मीच त्यांना सांगितलं होतं. टाकी भरली, वाहिली, आणि पाणी ओघळीने थेट देवळाकडे निघालं. बाहेर पाऊस भुरभुरत होताच, त्यामुळे पायाला ओल लागली तरी कुणी मनावर घेतलं नाही. मग चपला तरंगायला लागल्या. मग सतरंजी. मृदंगवाल्याने मृदंग उचलून डोक्यावर घेतला. कुणीतरी ओरडलं, “ढगफुटी झाली!” आणि पहाटेपर्यंत गावाला खात्री पटली की टेकडीवर ढग फुटला.

सकाळी तलाठी पंचनाम्याला आले. चुलवणं वाहून गेलेली, डाळीचं पोतं भिजलेलं, मांडवाचे वासे कलंडलेले. त्यांनी मंडळाच्या पर्जन्यमापकाचा आकडा विचारला. सरकारी हिशोबात 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर ती अतिवृष्टी. फोनवर उत्तर आलं, 4 मिलिमीटर. तलाठ्यांनी आभाळाकडे पाहिलं, मग टेकडीकडे पाहिलं. टाकीच्या ओव्हरफ्लोचा पाइप अजून जोमात वाहत होता. मग सरपंचांनी माझ्याकडे पाहिलं. पंचनाम्यातल्या कारणाच्या रकान्यात तलाठ्यांनी थोडा विचार करून ‘शिक्षक’ असं लिहिलं, आणि मग खोडून ‘तांत्रिक’ केलं.

त्या दिवशी पाणी आक्कांच्या मिस्ड कॉलवर आलं.

चार दिवसांनी एमआयडीसीतल्या एका फर्ममधून इन्स्ट्रुमेंटेशनची इंजिनिअर आली. जीपमधून उतरली आणि सरळ येऊन माझ्या पाया पडली. माझी विद्यार्थिनी. यापेक्षा अनोळखी माणूस आला असता तर बरं झालं असतं. त्याने निदान मोकळेपणाने शिव्या दिल्या असत्या. ही एकेक गोष्ट बघायची, गप्प व्हायची आणि ‘सर’ म्हणून पुढे बोलायची.

आधी तिने रेडिओची वीज तोडली, स्विचला स्वतःचं कुलूप लावलं, ‘काम चालू आहे’ची पाटी अडकवली, आणि मगच पट्टा बांधून अँटेन्यापाशी चढली. एका वॅटने माणूस भाजून निघत नाही, पण अंगाचा भाग तापतो आणि डोळ्यांना ते सोसत नाही, म्हणून चालू अँटेन्यापासून किती दूर राहायचं ते अंतर पुस्तिकेत दिलेलं असतं. मी एप्रिलमध्ये त्याच अँटेन्याला मिठी मारून तात्यांना “करा चालू!” म्हणून ओरडत होतो. तात्यांनी हे तिला आपणहून सांगितलं.

तिने जोड उघडला. आतून पाण्याची धार निघाली.

“सर, ही टेप कुणी लावली?” वायरमन नदीकडे बघायला लागला. “आणि अर्थिंग खिडकीला आहे.” तात्याही नदीकडे बघायला लागले. मग ती वर बघत थोडा वेळ थांबली.

“सर, वर टाकीवर काड्या उभ्या आहेत.”

“बरं.”

“इथे आडव्या आहेत.”

मी नदीकडे बघायला लागलो. नदीवर आता आम्ही तिघं होतो.

“सर, तुम्ही आम्हाला ध्रुवण शिकवताना खिडकीच्या गजांमधून दोरी हलवून दाखवायचा. उभी हलवली की लाट पलीकडे जायची, आडवी हलवली की गजाला अडायची. मला अजून आठवतं. इतकं छान शिकवलं होतं तुम्ही.”

एवढ्या सभ्यपणे माझा इतका अपमान आजवर कुणी केला नव्हता. उभ्या-आडव्याच्या या फरकाने शंभरातला एखाद-दुसराच भाग हाती लागतो. मग हे सगळं चार महिने चाललं कसं, हा माझा शेवटचा बचाव होता. तिने वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला. एवढ्या अंतरावर, या लहरींना, एका वॅटमधला साधारण हजार कोटीवा भाग पलीकडे पोचतो. पण रेडिओ त्याच्याही हजाराव्या भागावर भागवून घेतो, आणि अँटेन्यांची मदत वेगळी. ही जी शिल्लक असते तिला मार्जिन म्हणतात. ती ठेवायची असते पावसापाण्यासाठी, पानाफांद्यांसाठी. “तुमच्या केबलने आणि काड्यांनी ती एप्रिलमध्येच बरीचशी संपवली होती, सर. उरलेल्यावर जुलै निघाला.” मी बँकेत नोकरीला लागलो नाही हे बँकेचं भाग्य.

मी म्हणालो, “पण टाकी तर दिसत होती.”

तेव्हा तिने काकडी काढली, म्हणजे कागदावर. लहर दोन अँटेन्यांमध्ये दोरीइतकी बारीक जात नाही. टोकांना निमुळती आणि मध्ये फुगलेली, अशा काकडीएवढ्या ऐसपैस जागेतून जाते. फ्रेनेलचा पट्टा. 3 किलोमीटरच्या वाटेवर मध्यभागी त्या काकडीची त्रिज्या सुमारे 16 मीटर भरते, आणि तिचा निदान साठ टक्के गाभा तरी मोकळा लागतो. नजरेला टाकीचा कठडा दिसला म्हणजे काकडीचा देठ मोकळा. अंग सगळं आमराईत. उन्हाळ्यात तिथली हवा कोरडी, ऊस गुडघ्याएवढा. पावसाळ्यात पानं ओली आणि दाट, ऊस डोक्याच्या कितीतरी वर. पाणी असल्या लहरी गिळतं. फ्रेनेल बिचारा 1827 साली वारला. त्याने रेडिओ पाहिला नाही, फक्त प्रकाशाचा विचार करून ठेवला. तो मी शिकवत होतो. दरवर्षी. चार गुणांसाठी.

तिने पाइप उंच केला, वायरमनने मोजलेल्या त्याच कोपऱ्यात. जाड केबल, रबरी पट्टी, केबल आत शिरण्याआधी खाली एक झोल ठेवला, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जातं. कोळशा-मिठाचा खड्डा. संपर्क तुटला तर पंप बंद. टाकीत एक वेगळा फ्लोट, तो रेडिओला विचारत नाही. पंपावर जाळी आणि रंगाने लिहिलेली पाटी. आणि जाता जाता ती आक्कांच्या घरी चहा प्यायली आणि कंट्रोल पॅनलच्या दारावर आक्कांचा नंबर चिकटवून गेली.

मी ती वही दाखवली, 88, 91, 95, 100. तिने ओठ घट्ट मिटून घेतले. बराच वेळ ती आकड्यांपुढे वजा चिन्हं काढत होती.

आता पडद्यावर आकडा असतो तो 61, रेघेसकट. पावसाळा संपला, दुसरा आला, आकडा एखाददुसऱ्याने हलतो तेवढाच. परवा पारावर विषय निघाला आणि मी काही बोलायच्या आत तात्या माझ्या बाजूने उठले.

“सरांस्नी काय बी बोलू नका. त्यांच्या टायमाला अठ्ठ्याऐंशी पडत हुतं, शंभर सुदिक पडलं, मी डोळ्यानं बगितलंय. त्या पोरीनं आल्या-आल्या एकसष्टावर आणून ठिवलं.”

सगळ्यांनी माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं. मी शाल नीट केली.